यंत्र आले, जाणती नजर कोठे?

छातीतील जळजळ ‘पित्ताची’ म्हणून सोडा घेऊन स्वस्थ बसण्याची रीत प्राणघातक ठरू शकते. हृदयविकाराचा झटकाही कित्येकदा असाच येतो. हा भेद कार्डिओग्राम बऱ्याचदा उघड करतो. पण पहिला आलेख निर्दोष दिसला तरी तो पुन्हा काढावा लागतो. जठरव्रणाला छिद्र पडल्यास उभ्याने काढलेल्या क्ष-किरण चित्रात श्वासपटलाखाली बहुधा हवेची काळी कोर दिसते. मात्र ती दिसते जाणत्या नजरेलाच. राँटगेन यांनी १८९५ च्या आपल्या शोधाचे पेटंटही घेतले नाही. ज्ञान असे विनामूल्य लाभले, यंत्रे विकत मिळतात. नजर मात्र शिक्षणानेच घडते. ग्रामीण रुग्णालयाला यंत्र देणाऱ्या शासनाने चित्र वाचणाऱ्याचीही तरतूद केली पाहिजे. अन्यथा ते भांडवल नव्हे, अडगळच ठरेल.