दुबार नोंदी एकत्र करताना



ब्रिटनमधल्या आपल्या मंडळाच्या सभासद यादीतील दुबार नोंदी एकत्र करण्याचे काम कार्यकारिणीने हाती घेतले आहे. एखाद्या घरातले माणूस जाते, घरचे लोक कळवतात, सचिव एका नोंदीवर तशी खूण करतात आणि त्याच माणसाची दुसरी नोंद तशीच राहते. मग दिवाळीच्या कार्यक्रमाचे निमंत्रण गेलेल्या माणसाच्या नावाने त्याच्या पत्नीच्या हाती पडते. असे पत्र एकाही घरी जाता कामा नये. हे काम करायला मला एवढे एकच कारण पुरे वाटते. टपालखर्च, एकाच घरी जाणारे आपल्या नियतकालिकाचे दोन दोन अंक, या गोष्टी त्यानंतरच्या. दुःख झालेल्या घरांच्या नोंदी सचिव स्वतः पाहणार आहेत. त्या घरांना चौकशीचा फोन जाणार नाही.

आपली यादी अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रामच्या एका फाइलमध्ये आहे. तिच्यात एक्सेलचे जुने तक्ते आले, गणेशोत्सवाच्या टेबलावर घाईत भरलेले अर्ज आले, नाटकांच्या ऑनलाइन तिकिटांबरोबर आलेली नावे आली. हॅरोला भाड्याच्या घरात असताना सभासद झालेले जोडपे रेडिंगला घर घेते आणि नव्या पत्त्यावरून नव्याने अर्ज भरते. एक्सेलने एका फोन क्रमांकातला सुरुवातीचा शून्य गिळलेला असतो, तोच क्रमांक दुसरीकडे +४४ ने सुरू होतो. तारखांचा घोळ तर दिसतही नाही. अ‍ॅक्सेसच्या क्वेरीच्या एसक्यूएल मजकुरात थेट लिहिलेली तारीख महिना आधी धरून, अमेरिकन पद्धतीने वाचली जाते, त्यामुळे ७ ऑगस्टला जन्मलेला माणूस ८ जुलैचा होऊन बसतो.

दुबार नोंदी शोधण्याची सोय अ‍ॅक्सेसमध्येच आहे, पण ती तंतोतंत सारख्या मजकुरापुरती. सारख्या उच्चाराची आडनावे शोधायची तर साउंडेक्स ही पद्धत बाहेरून आणावी लागते. रॉबर्ट रसेल यांनी अमेरिकेत १९१८ साली तिचे पेटंट घेतले आणि तिच्या सुधारित रूपाने तिथल्या जुन्या जनगणनांच्या सूच्या १९३० च्या दशकात तयार झाल्या. आडनावाचे पहिले अक्षर ठेवायचे, स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय सोडायचे, उरलेल्या व्यंजनांना अंक द्यायचे, लागोपाठचे सारखे अंक एकदाच धरायचे आणि अक्षराबरोबर तीन अंक झाले की थांबायचे; कमी पडले तर शून्ये भरायची. आपल्या दीक्षितांना ती चांगली लागू पडते. कोणी नावात ‘एक्स’ लिहिते, कोणी ‘केएसएच’; दोघांचाही संकेत डी २३० येतो. वाघांची मात्र पंचाईत होते. एक वाघ डब्ल्यूने सुरू होतात, दुसरे व्हीने, आणि पहिलेच अक्षर वेगळे असल्याने त्यांची गाठ कधीच पडत नाही. उलट जोशी आणि जोग या दोघांनाही जे २०० हा एकच संकेत मिळतो! ही पद्धत आपल्या आडनावांसाठी घडलेलीच नव्हती. आपले नियम आपणच लिहायला हवेत: व्ही आणि डब्ल्यू एकच धरायचे, शेवटी जोडलेला वाय सोडून द्यायचा, आणि जोशी-जोगांना वेगळे ठेवायचे.

देवनागरीत नावे ठेवली म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. गोऱ्हे, कऱ्हाडे अशा आडनावांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही नावे हुबेहूब सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलेल्या याद्या तर आधी रूपांतरित कराव्या लागतील.

कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातले इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन संटर यांनी १९६९ साली नोंदी जुळवण्याचा जो सिद्धान्त मांडला, त्यात जोड्यांचे तीन गट आहेत: नक्की एकच, नक्की वेगळ्या, आणि मधला, माणसाने डोळ्यांनी तपासायचा. माझा सगळा जीव या मधल्या गटात अडकला आहे. पहिले दोन यंत्रावर सोपवायला हरकत नाही. मधल्या गटात घाई झाली तर माणसे हरवतात.

आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे. दत्तात्रय श्रीधर, श्रीधर दत्तात्रय आणि पुन्हा दत्तात्रय श्रीधर, अशा तीन पिढ्या एका आडनावाने, एका पत्त्यावर नांदू शकतात. इंग्रजी अर्जावर मधल्या नावाचे एकच अक्षर उरते आणि जन्मतारखेचा रकाना रिकामा असतो. आजोबा आणि नातू यांची एक नोंद करून टाकायला मग एक क्लिक पुरते. जुळ्या भावंडांची जन्मतारीखही एकच असते.

याहून मोठा धोका ईमेलचा. अनेक ज्येष्ठ जोडप्यांचा ईमेल एक, फोन एक, पोस्टकोड तर एकच. ‘ईमेल सारखा म्हणजे माणूस एक’ हा नियम लावला की पत्नीची नोंद पतीच्या नोंदीत विरून जाते. ज्यांनी बालवर्ग चालवले, नाटकांच्या तालमी घेतल्या, शंभर माणसांचा स्वयंपाक पेलला, त्या बायकांचे नाव यादीतून असे नाहीसे होणे मला अजिबात मान्य नाही. उलट प्रकारही आहे. माहेरच्या नावाने एनएचएसमध्ये काम करणारी डॉक्टर मंडळात सासरच्या नावाने ओळखली जाते. दोन नावे, दोन ईमेल, आणि व्यक्ती खरोखर एकच. कोणते नाव ठेवायचे ते तिने सांगायचे. दुसरे नाव शोधण्यापुरते नोंदीत राहील.

यात पैशाचाही प्रश्न आहे. गिफ्ट एड योजनेखाली करदात्याने मंडळाला दिलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स मिळतात. त्यासाठी देणगीदाराचे नाव आणि घरचा पत्ता असलेले घोषणापत्र लागते, आणि ही कागदपत्रे ६ वर्षे सांभाळावी लागतात. घोषणापत्र एका व्यक्तीचे असते. पत्नीची देणगी पतीच्या नावावर सरकली, तर जिने पैसे दिले तिच्याऐवजी भलत्याच माणसाच्या करावर आपण दावा सांगतो.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी क्रम ठरला आहे. आधी फाइलची प्रत काढून वेगळ्या ठिकाणी ठेवायची. दोन क्रमांकांपैकी जुना सभासद क्रमांक राहील. जाणाऱ्या क्रमांकाच्या वर्गण्या, देणग्या, घोषणापत्रे राहणाऱ्या क्रमांकावर घ्यायच्या, एकही पावती मागे उरली नाही हे पाहायचे, आणि मगच नोंद हलवायची. तक्त्यांच्या नात्यांमध्ये ‘कॅस्केड डिलीट’वर खूण असली आणि हा क्रम उलटा झाला, तर नोंदीबरोबर तिच्या सगळ्या पावत्याही जातात. अ‍ॅक्सेस एकदा विचारते. ‘हो’ म्हटल्यावर परतीची वाट नाही. म्हणून काढलेली नोंद लगेच पुसायची नाही. कोणती नोंद कशात मिसळली, कोणी आणि कधी, हे लिहून ती वेगळ्या तक्त्यात हिशेबतपासणी होईपर्यंत राहील. शंका असेल तिथे दोन्ही नोंदी तशाच ठेवायच्या. दुबार नोंद पुढच्या वर्षीही जोडता येते. चुकीने जोडलेल्या दोन माणसांच्या पावत्या मागाहून वेगळ्या करायला बसलो, तर कोणती कोणाची हे सांगणारे कोणी भेटेलच असे नाही.

माहिती अचूक ठेवणे हे ब्रिटनच्या डेटा संरक्षण कायद्यानेही आपल्यावर टाकलेले बंधन आहे, आणि आपली नोंद पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. आपण सही करता त्या स्पेलिंगमध्ये पूर्ण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, हवे असल्यास माहेरचे नाव आणि आधीच्या घरांचे पोस्टकोड सचिवांकडे कळवावेत. पती-पत्नींनी स्वतंत्र कळवावे, ईमेल एकच असला तरी.

मधल्या गटासाठी स्वयंसेवक हवे आहेत, आणि त्यांना संगणक आलाच पाहिजे असे नाही. मंडळाची सुरुवातीची वर्षे ज्यांनी पाहिली, कोण कोणाची सून, कोणते जोशी स्लाउचे आणि कोणते हॅरोचे हे ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांनी यावे. छापील जोड्या त्यांच्यासमोर ठेवू, ते सांगतील तशा खुणा तरुण मंडळी करतील. ज्यांना घराबाहेर पडणे अवघड आहे, त्यांच्याकडे आम्ही येऊ.

— संपादक