साखळी जरा सैल सोडा



जैन घरात कुत्रा पाळावा की नाही, यावर आपल्यात दोन मतं आहेत. तो वाद आज नको. ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांच्याशी त्याच्या फिरण्याबद्दल बोलायचंय.

आमच्या नऊ वर्षांच्या मोतीचे सकाळचे थांबे ठरलेले आहेत. कोपऱ्यावरचा विजेचा खांब, इस्त्रीवाल्याची हातगाडी, एका बंद बंगल्याचं फाटक आणि शेवटी कडुलिंबाचं झाड. त्या बंगल्यात पूर्वी एक कुत्री होती. ती मंडळी घर सोडून गेली, तरी मोती फाटकाला नाक लावल्याशिवाय पुढे सरकत नाही. बघणारे म्हणतात, "रोज तेच काय हुंगतो!"

पण त्याच्यासाठी ते रोज तेच नसतं. आपल्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार ३० कोटींपर्यंत. रात्रीतून कोण येऊन गेलं, नर की मादी, ओळखीचं की परकं, हे त्याला खांबाच्या बुंध्याशी कळतं. आपण ओट्यावर उभ्या राहून शेजारणीची खुशाली विचारतो, तसंच हे. २०१९ साली शार्लोट द्युरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या दोन संशोधक स्त्रियांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना दोन आठवडे वास घेऊन खाऊ शोधायला लावलं, तर काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायला. नंतरच्या चाचणीत वास घेणारे कुत्रे जास्त आशावादी दिसले.

आपल्याला हे पटायला अवघड जाऊ नये. घ्राण हे इंद्रिय आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचारही आपल्याला पाठ आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मार देणं आणि उपाशी ठेवणं आपण टाळतोच. पण पहिला अतिचार बंध आहे. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ सांगितलाय, जिवाला हव्या त्या ठिकाणी जाण्यापासून अडवणं. दिवसभर फ्लॅटमध्ये राहणाऱ्या जिवाला अर्धा तास बाहेर न्यायचं आणि तिथेही मानेला हिसके देत ओढायचं, हे त्या अर्थाच्या फार जवळ जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

साखळी काढा असं मी म्हणत नाही. रहदारीत ती हवीच. दुसऱ्याच्या दारातली रांगोळी, दुकानाची पायरी, कुणाची गाडी इथे त्याला पाय वर करू देऊ नये. विष्ठा आपणच उचलावी. उकिरड्यावरच्या हाडांपासून दूर ठेवावं. पण त्याच्या चार ठरलेल्या जागी दोन-दोन मिनिटं थांबायला काय हरकत आहे? सगळी मिळून आठ मिनिटं होतात. म्हाताऱ्या कुत्र्याला तर ती द्यावीतच. डोळे अधू झाले, ऐकू येईनासं झालं, तरी बहुधा नाक साथ देतं आणि ओळखीच्या जागा त्याला तिथेच सापडतात.

फिरवायला मुलांना किंवा गड्याला पाठवत असाल, तर त्यांनाही हे सांगा. आणि तो हुंगत असताना मोबाईल काढू नका. खाली बघा, पायाजवळ मुंग्यांची रांग असेल. घ्राणेंद्रिय त्यांनाही आहे.