देणगीची पावती आणि देणगीचा हिशेब

शैक्षणिक वर्ष सुरू झाले की व्यापारी पेढ्यांच्या टपालात महाविद्यालयांची पत्रे दिसू लागतात. गुळगुळीत कागद, वर संस्थेचे बोधचिन्ह, मध्ये 'आपण आमच्या परिवाराचे घटक आहात' असा गोड मजकूर आणि तळाशी बँक खात्याचा क्रमांक. पत्र उघडणारे गृहस्थ चाळीस वर्षांपूर्वी त्याच महाविद्यालयातून बी.कॉम. झालेले असतात. तीन वर्षांपूर्वी ग्रंथालयाच्या वाचनकक्षासाठी त्यांनी बऱ्यापैकी रक्कमही दिलेली असते. त्या वाचनकक्षाचे पुढे काय झाले, याविषयी पत्रात एक ओळ नसते. पावती तेव्हा वेळेवर आली होती. हिशेब मात्र आजतागायत आलेला नसतो.

पावती निराळी आणि हिशेब निराळा, हे व्यापाऱ्याच्या मुलाला दुकानाच्या गादीवरच कळते. जैन संघांच्या कारभारात तर ही शिस्त फार जुनी आहे. देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, जीवदया, साधारण अशी खाती वेगळी, आणि साधारण खात्यात कितीही खडखडाट असला तरी देवद्रव्याला हात लावायचा नाही, हे संघाच्या विश्वस्तांना कोणी शिकवावे लागत नाही. अशा घरात वाढलेला माणूस 'वाचनकक्षासाठी' म्हणून रक्कम देतो, तेव्हा तो शब्द शोभेचा नसतो. ते खात्याचे नाव असते. महाविद्यालयाच्या कार्यालयात मात्र तोच शब्द 'विकास निधी' नावाच्या विशाल पोटात सहज विरून जातो. त्यात कोणी पैसे खाल्लेले असतीलच असे नाही. बहुधा छत गळू लागलेले असते, आणि हाताशी असलेली रक्कम तिकडे वळवलेली असते. चूक छत दुरुस्त करण्यात नाही, न विचारता आणि न कळवता करण्यात आहे.

ही चूक केवढी महाग पडू शकते, याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे, आणि तेही एका व्यापारी घराण्याचेच. चहाच्या व्यापारातून वाढत जाऊन किराणा दुकानांची अवाढव्य साखळी झालेल्या 'ए अँड पी' कंपनीच्या वारस मेरी रॉबर्टसन आणि प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असलेले त्यांचे पती चार्ल्स यांनी १९६१ मध्ये त्या विद्यापीठासाठी साडेतीन कोटी डॉलर दिले. हेतू लेखी नोंदवला होता : सरकारी सेवेसाठी, विशेषतः आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या क्षेत्रासाठी, पदव्युत्तर विद्यार्थी तयार करणे. देणगी इतकी निगर्वी की आरंभी दात्यांची नावेही जाहीर झाली नव्हती. पुढे निधी वाढत वाढत कित्येक पटींनी फुगला. २००२ मध्ये त्यांच्या मुलांनी न्यायालयात धाव घेतली. सरकारी सेवेत जाणारे विद्यार्थी थोडे आणि पैसा मात्र भलतीकडे खर्च होतो, असा त्यांचा आरोप होता. विद्यापीठाने तो नाकारला. सहा वर्षे दावा चालला आणि खटला उभा राहण्यापूर्वीच २००८ च्या डिसेंबरात तडजोड झाली. कुटुंबाच्या वकिली खर्चापोटी चार कोटी डॉलर आणि सरकारी सेवेच्या शिक्षणासाठी नव्या प्रतिष्ठानाला पाच कोटी डॉलर, असा करार होता. निधी शेवटी विद्यापीठाकडेच राहिला. परंतु दोन पिढ्यांचे नाते तुटले.

कोण किती खरे होते याचा निवाडा कधी झालाच नाही. मात्र निधीच्या संचालक मंडळावर विद्यापीठाचे चार आणि कुटुंबाचे तीन प्रतिनिधी बसत असत, म्हणजे बोलायला जागा रीतसर होती. जागा असूनही संवाद घडेलच असे नसते.

महाविद्यालयाने मग लिहावे तरी काय? अवघड असे काहीच नाही. अमुक रक्कम आली, इतकी खर्च झाली, इतकी शिल्लक आहे आणि काम या टप्प्यावर आहे, एवढे एक पानही पुरते. पण त्यातले खरे कसोटीचे वाक्य असते ते काम फसल्याचे. 'वाचनकक्ष यंदा झाला नाही. बांधकामाचा खर्च अंदाजापेक्षा वाढला. आपली रक्कम स्वतंत्र ठेवली आहे. ती पुस्तकांसाठी वापरावी असे वाटत असल्यास कृपया कळवावे.' असे पत्र लिहायला प्राचार्यांचा हात कचरतो, कारण देणगीदार नाराज होईल असे त्यांना वाटते. त्यांनी एखाद्या अडत व्यापाऱ्याला विचारून पाहावे. तोटा स्वतःहून सांगणाऱ्याला बाजारात पुन्हा उधारी मिळते, लपवणाऱ्याला मिळत नाही.

आकड्यांचीही एक निराळी लबाडी असते. दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना वर्षाला ४ लाखांची नोकरी लागली आणि एकाला परदेशी कंपनीत ४४ लाखांची, तर सरासरी ८ लाख निघते. हा आकडा खोटा नाही, परंतु त्या दहांत ८ लाख मिळवणारा एकही नाही. माहितीपत्रक वाचणारा माजी विद्यार्थी स्वतः ताळेबंद वाचणारा असतो, याचा विसर पडू नये.

मराठीत 'देणगी' आणि 'डोनेशन' हे शब्द आज समानार्थी राहिलेले नाहीत. डोनेशन म्हटले की प्रवेशासाठी टेबलाखालून द्यायची रक्कम, असा अर्थ घरोघरी रूढ आहे. त्याला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला १९८७ मध्ये कायदा करावा लागला. शब्दाला आलेली ही अवकळा संस्थांनी स्वतः ओढवून घेतली आहे.

कुंभोजच्या जैन घराण्यात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या मुष्टिफंडात गावच्या बाया मूठ मूठ धान्य घालत. त्या मुठीची छापील पावती कोणाला मिळत नसेल, पण वसतिगृहात जेवणारी मुले गावाला डोळ्यांनी दिसत. हिशेब पंगतीत मांडलेला होता. आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, तेव्हा अण्णांनी ती तोंडावर नाकारली, असे रयतच्या परिवारात आजही सांगितले जाते. रक्कम आधी पदरात पाडून अट मागाहून विसरण्याचा मार्ग त्यांनाही मोकळा होताच.

मुंबईत १८६४ मध्ये प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याने विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आपल्या आईचे नाव असावे एवढीच इच्छा होती. पुढच्याच वर्षी कापसाचा बाजार कोसळला आणि त्यांचे वैभव गेले. मनोरा पुरा व्हायला १८७८ उजाडले. तोवर या दात्याकडून आणखी काही मिळेल अशी आशा विद्यापीठाला उरली नसावी. मनोऱ्याचे नाव तरीही राजाबाई टॉवर असेच ठेवले गेले.