उर्दू पुस्तक, १८४ नग

मागच्या अंकात आम्ही म्हटले होते की उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपची हकीकत पुढच्या वेळी सांगू. तीन-चार भगिनींनी पत्राने आठवण करून दिली. एकीने विचारले आहे, "या वयात इंटर्नशिप? शोभते का?" ते आमच्या थोरल्याला विचारा. तो अकरावीत आहे. दीड महिना त्याने मित्रांना एवढेच सांगितले की अम्मी मामूंकडे गेली आहे.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: आम्ही जालन्यातल्या एका शाळेचे छोटेसे ग्रंथालय सांभाळतो. मुले हाताशी आल्यावर ग्रंथालयशास्त्राची पदवी घ्यायचे मनावर घेतले. त्या अभ्यासक्रमात सहा आठवडे एखाद्या मोठ्या ग्रंथालयात काम करावे लागते. आम्हाला एका विद्यापीठाचे ग्रंथालय मिळाले. कोणते ते लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांनी आम्हाला मायेने वागवले, आणि पुढे जे लिहायचे आहे ते तिथेच घडते असेही नाही. मुक्काम मामूंच्या घरी. सोबतच्या बाकीच्या चार इंटर्न बावीस-तेवीस वर्षांच्या मुली. त्या आम्हाला पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या दिवसापासून आपा.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारची ही गोष्ट. त्या दिवशी एकापाठोपाठ चार बैठका होत्या. आदल्या संध्याकाळी ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "उद्या इतिवृत्त तुम्ही लिहा. तुमचे अक्षर चांगले आहे." रात्री अम्मींना फोनवर सांगितले तर त्या म्हणाल्या, "दिनभर मीटिंग? बैठके क्या करते गे इत्ते लोगां?" खरे सांगायचे तर सकाळी अकरापर्यंत आम्हालाही तोच प्रश्न पडला होता.

पहिली बैठक साठा पडताळणीची, म्हणजे दाखल नोंदवहीत जेवढी पुस्तके आहेत तेवढी कपाटात आहेत का ते बघणे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत याचे गणित दिलेले आहे. वीस हजारांपर्यंत पुस्तके असतील तर दरवर्षी सगळी मोजायची, पन्नास हजारांपर्यंत असतील तर तीन वर्षांतून एकदा, आणि त्याहून जास्त असतील तर नमुन्यादाखल काही भाग. वर्षभरात दिल्या-घेतलेल्या किंवा चाळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते वाजवी नुकसान धरतात, फक्त त्यात कुणाची लबाडी किंवा निष्काळजी नसावी. हजार रुपयांवरचे पुस्तक किंवा दुर्मिळ पुस्तक हरवले तर मात्र चौकशी अटळ. हे ऐकून आम्हाला आमच्या शाळेतली हरवलेली सात पुस्तके आठवली. त्या सात पुस्तकांसाठी आम्ही किती रात्री जागलो होतो!

नियम पाच मिनिटांत सांगून झाला. पुढचा पाऊण तास शिडीवर गेला. तळमजल्यावर शिडी एकच, ती कोणत्या विभागाची, आणि वरच्या खणातली पुस्तके मोजायला चढणार कोण? अकरा माणसे, एक शिडी. इतिवृत्तात आम्ही लिहिले, "शिडीच्या उपलब्धतेबाबत सविस्तर चर्चा झाली."

दुसरी बैठक नियतकालिकांची. २०२५ च्या जानेवारीपासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली आहे. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक आणि सुमारे तेरा हजार संशोधनपत्रिका. सरकारी विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या मुलांना त्या संगणकावर वाचता येतील. मग आपण पैसे भरून घेतो त्यांपैकी कोणत्या बंद करायच्या, हा मुद्दा. तो चटकन संपला, कारण जेवणाची वेळ झाली होती.

जोहरची वेळ होऊन गेली होती. उठावे की नाही या विचारात आम्ही वहीची पाने उगीच चाळत होतो. देवघेव विभागाचे ज्येष्ठ लिपिक म्हणाले, "ताई, तुम्ही नमाज उरकून या. आम्ही तोवर डबे उघडतो. तुमच्याशिवाय इतिवृत्त लिहिणार कोण?" एवढ्या साध्या शब्दांत त्यांनी आमचा संकोच दूर केला.

तिसरी बैठक 'कोहा'ची. हे ग्रंथालयाचे संगणकीय सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी ते तयार झाले आणि २००० सालापासून वापरात आले. ते फुकट मिळते. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. बैठकीतली चर्चा मात्र बारकोडच्या चिठ्ठ्या उन्हाळ्यात सुटून पडतात यावर जास्त झाली.

आणि मग चौथी. चार वाजले होते. चहा येऊन गेला होता आणि अर्धे लोक घड्याळाकडे पाहत होते. विषय होता, रद्द करायच्या पुस्तकांची यादी.

पुस्तके रद्द करणे हे पाप नाही, हे आधी सांगून ठेवतो. आपल्या घरांत छापील कागद पायाखाली आला तरी जीव कासावीस होतो, म्हणून सांगतो. जागा मर्यादित असते आणि पुस्तके येतच राहतात. अभ्यासक्रम बदलतो, वाळवी लागते, एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती पडून राहतात. वाढत्या ग्रंथालयाला काही सोडावेच लागते. त्या यादीत सुमारे अकराशे पुस्तके होती. निकष असा, की पंधरा वर्षांत एकदाही कुणी नेले नाही किंवा मागितले नाही. यादीच्या प्रती वाटल्या गेल्या. पहिल्या आठ पानांवर जुनी संगणकाची पुस्तके, जुन्या गाइडा, कायद्याच्या मागच्या आवृत्त्या. माना हलत होत्या, पाने उलटत होती.

नवव्या पानावर आमची नजर थांबली. पुस्तकाच्या नावाच्या रकान्यात लिहिले होते, 'उर्दू पुस्तक'. खालच्या ओळीत, 'उर्दू पुस्तक'. त्याखाली, 'उर्दू पुस्तक (जुने)'. लेखकाचा रकाना कोरा. अशी पाच पाने. आम्ही बोटाने मोजले, १८४.

हे कसे झाले असेल ते समजायला फार अक्कल लागत नाही. ग्रंथालय संगणकावर आणताना नोंदी करायचे काम ठेक्याने दिले जाते आणि नोंदीमागे पैसे मिळतात. नाव भरल्याशिवाय संगणक नोंद पुढे सरकू देत नाही. भरणाऱ्या मुलाला लिपी येत नव्हती आणि विचारायला जवळ कुणी नव्हते. त्याने पुस्तकाकडे पाहून जे समजले ते लिहिले. त्याला तरी काय दोष द्यायचा?

पण वाचकहो, पुढचे बघा. एखाद्या मुलीने संगणकावर पुस्तकाचे नाव टाकून शोधले तर तिला ते सापडणार नाही. सापडत नाही म्हणून कुणी मागत नाही. पंधरा वर्षे कुणी मागितले नाही म्हणून ते रद्द. नाव लिहिता आले नाही, एवढ्या एका गोष्टीवर पुस्तकाचा निकाल लागतो, आणि कागदोपत्री सगळे नियमाप्रमाणेच असते.

इंटर्नने बैठकीत बोलायचे नसते. कुणी तसे सांगितलेले नाही, पण सगळ्यांना माहीत असते. आम्ही इतिवृत्ताच्या वहीत 'यादी एकमताने मान्य' असे लिहायला घेतले होते. 'एकमताने' लिहून झाले आणि हात थांबला. मॅडमांच्या मागे भिंतीवर रंगनाथनांचे छायाचित्र होते. गणिताचे हे मास्तर १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम पुस्तकात मांडले. प्रत्येक पुस्तकाला कुठे ना कुठे त्याचा वाचक असतो, हा त्यांतला तिसरा. आदल्याच महिन्यात आम्ही तो परीक्षेत पाच गुणांसाठी लिहिला होता. आम्ही म्हणालो, "मॅडम, नववे ते तेरावे पान मी वाचून देऊ का? मला उर्दू येते."

खोलीत शांतता. लेखा विभागाचे गृहस्थ म्हणाले, "ताई, यादी महिनाअखेर पुढे पाठवायची आहे. आणि वाचून तरी काय, आता हे वाचणार कोण?"

उत्तर आम्हाला सुचले नाही. ते दाराजवळ उभ्या असलेल्या ग्रंथालय परिचरांनी दिले. ते मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातले. त्या कपाटांची धूळ इतकी वर्षे तेच झटकत होते. म्हणाले, "साहेब, २०२३ साली आमच्याकडे उर्दू अन् मोडी वाचणारा माणूस सोन्याच्या भावाने शोधत होते."

खरेच होते ते. अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली दप्तरे उघडली गेली. आरक्षणाबद्दल ज्याचे त्याचे मत असो, तो आजचा विषय नाही. पण मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला कारभार उर्दूत चालत असे. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याच्या आजोबाचे नाव कित्येकदा त्याच लिपीत लिहिलेले सापडते, मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो. हे अंबडच्या त्या भाऊंना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

मॅडमांनी विचारले, "किती दिवस लागतील?" आम्ही बेधडक म्हणालो, "आठ." ठरले. अकराशेमधली ही १८४ बाजूला काढली. इतिवृत्तात 'प्रशिक्षणार्थीने सुचविल्याप्रमाणे' असे स्वतःच लिहायला लाज वाटली, म्हणून 'चर्चेअंती असे ठरले' असे लिहिले. मॅडमांनी सही करताना ते खोडून पहिले लिहायला लावले.

आठ दिवसांचे एकोणीस दिवस झाले. आमचे उर्दू अम्मींनी शिकवलेले, घरातले. छापील नस्तालीक वाचता येते. शिळाछाप पुसट झालेला असेल तर भिंग लागते, आणि शिकस्ता हस्ताक्षर आम्हाला मुळीच लागत नाही. १८४ पैकी अकरा पुस्तके उर्दू नव्हतीच. नऊ फारसी आणि दोन अरबी होती. ती मामूंच्या ओळखीच्या एका मौलाना साहेबांना दाखवून घेतली.

सगळी पुस्तके एकाच क्रमांकावर उभी होती, ८९१.४३९. ड्यूई पद्धतीत तो उर्दू साहित्याचा क्रमांक. म्हणजे कादंबरी ८९१.४३९, रसायनशास्त्र ८९१.४३९ आणि जमीनमहसुलाचा कायदाही ८९१.४३९! एका पुस्तकावर 'रियाज़ी' शब्द वाचून दाखवला तर सोबतची इंटर्न म्हणाली, "गाण्याचे आहे का, आपा?" रियाज़ी म्हणजे गणित. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले तेव्हा तिथले शिक्षण उर्दूतून होते. त्यासाठी आधीच भाषांतराचा स्वतंत्र विभाग उघडून इंग्रजी पाठ्यपुस्तके उर्दूत आणवली गेली. मराठवाड्याला १९५८ साली स्वतःचे विद्यापीठ मिळाले. त्याआधी इथला मुलगा पुढे शिकायचा तर बहुधा हैदराबादची वाट धरायचा. त्या काळची गणिताची सहा आणि रसायनाची चार पुस्तके निघाली. एकाच्या कोऱ्या पानावर कुणा विद्यार्थ्याने पेन्सिलीने मराठीत उजळणी केली होती. धडा उर्दूत, टिपण मराठीत.

सगळीच पुस्तके मोलाची निघाली असे समजू नका. एकसष्ट पुस्तके रद्द करावीत असे आम्हीच लिहून दिले. काही कादंबऱ्यांच्या चार-चार प्रती होत्या, काहींचे नुसते पुठ्ठे उरले होते. ते लिहिताना लेखा विभागाच्या गृहस्थांना आश्चर्य वाटले. म्हणाले, "आम्हाला वाटले तुम्ही सगळीच ठेवायला सांगाल." बाकीच्या १२३ पुस्तकांची नावे आता संगणकावर उर्दू लिपीत आहेत, शिवाय देवनागरीतही, म्हणजे ज्याला लिपी येत नाही त्यालाही शोधता यावीत. गणित ५१० वर गेले, रसायन ५४० वर. शिडीचा प्रश्न आम्ही निघेपर्यंत सुटलेला नव्हता.

जालन्याला परतलो, शाळा उघडली. मोठ्या उत्साहात आमच्या ग्रंथालयाची दाखल नोंदवही काढली, म्हटले आपलीही पडताळणी करू. बत्तिसाव्या पानावर एक नोंद सापडली. तारीख नऊ वर्षांपूर्वीची आणि अक्षर आमचेच, ते चांगले अक्षर. 'मोडी कागद (जुने), १ गठ्ठा.' कुणा पालकाने वाडा पाडताना आणून दिला होता एवढे आठवते. कोणत्या पालकाने, ते लिहून ठेवलेले नाही. गठ्ठा खालच्या खणात आहे, दोरी अजून सुटलेली नाही.

जालना, अंबड, बदनापूर या भागात मोडी वाचणारे कुणी तुमच्या ओळखीचे असेल तर संपादकांच्या पत्त्यावर कळवा. रविवारी शाळा आम्ही उघडून देऊ, चहाही करू.