निवृत्तांच्या औषधाची तजवीज

सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकास, त्याच्या उत्पन्नाची चौकशी न करता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मोफत मिळावेत, हा २०२४ साली अंमलात आलेला निर्णय निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु ज्या व्याधी निवृत्त माणसाचे आयुष्य पोखरतात, त्या त्याला रुग्णालयाच्या खाटेवर नेण्यापूर्वी वर्षानुवर्षे त्याच्या घरी मुक्काम ठोकून असतात, आणि त्या दीर्घ काळाचा भार या योजनेने उचललेला नाही. भरतीपूर्वीचे ३ दिवस व घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढ्यापुरतीच तिची सोबत.

तालुक्याच्या गावातील कोणत्याही औषधाच्या दुकानापाशी घटकाभर उभे राहावे. एखादे वृद्ध गृहस्थ चिठ्ठी पुढे करतात, रकमेचा आकडा ऐकून क्षणभर थबकतात आणि हलक्या आवाजात म्हणतात, "साखरेच्या महिन्याच्या द्या, प्रेशरच्या पंधराच द्या." दुकानदार कात्रीने पट्टी कापतो. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणूनच काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्याच गोळीवर पडते. आणि पुढे पक्षाघाताने अंग लुळे पडले, म्हणजे जी यंत्रणा त्या गोळीचा खर्च मंजूर करीत नव्हती, तीच उपचारांचे भले मोठे बिल अदा करते. यात माणुसकी तर नाहीच, हिशेबही नाही.

कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून दरमहा १००० रुपयांवरच थांबले आहे. एवढ्या रकमेत दोन वृद्ध जिवांनी अन्न आणि औषध यांपैकी कशाला प्राधान्य द्यावे, हे सांगण्याचे धाडस मला तरी होत नाही.

मार्ग मुळीच अज्ञात नाही. राज्य कामगार विम्यात किमान ५ वर्षे विमेदार राहून नियत वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगारास, सालीना अवघे १२० रुपये भरले असता, पत्नीसह बाह्यरुग्ण तपासणीची व औषधांची सोय मिळते. (ही तरतूद कित्येक हक्कदारांना ठाऊकच नसते, हे दुर्दैव.) हीच मुभा वेतनमर्यादेच्या अटीमुळे विम्याबाहेर राहिलेल्या सर्व निवृत्तिवेतनधारकांना द्यावी, वर्गणी हवी तर निवृत्तिवेतनातून वळती करावी, आणि औषधे लांबच्या विमा दवाखान्याऐवजी नजीकच्या जनऔषधी केंद्रात मिळण्याची व्यवस्था करावी, कारण गुडघे धरलेल्या माणसाला दोन बस बदलून रांगेत उभे राहणे जमत नाही.