दिल्लीची वाट आणि लोणारची माती

लोणारच्या सरोवराकाठी उभे राहिले की दिल्ली फार दूर वाटते. पण या बुलढाणा जिल्ह्यातून दिल्लीकडे गेलेल्या दोन वाटा शेजारी ठेवून पाहिल्या, तर लोकप्रतिनिधित्वाविषयी बराच बोध होतो.

पहिली वाट प्रतापराव जाधव यांची. १९९५, १९९९ आणि २००४ असे सलग तीन वेळा ते मेहकरचे आमदार झाले. पुढे मतदारसंघांची पुनर्रचना झाली. लोणार तालुका ज्यात येतो तो मेहकर मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि तोवर राखीव असलेला बुलढाणा लोकसभा मतदारसंघ खुला झाला. विधानसभेचे दार मिटले, तेव्हा संसदेचे उघडले. २००९पासून २०२४पर्यंत चार वेळा ते लोकसभेवर निवडून आले आणि २०२४ साली केंद्रात आयुष खात्याचे स्वतंत्र प्रभार असलेले राज्यमंत्री झाले.

दुसरी वाट मुकुल वासनिक यांची. १९८४ साली ऐन पंचविशीत ते बुलढाण्याचे खासदार झाले. १९९१ आणि १९९८ सालीही याच जिल्ह्याने त्यांना निवडले. २००९ साली ते रामटेकहून लोकसभेत गेले. २०२२ साली मात्र ते राज्यसभेवर गेले ते राजस्थानातून!

प्रश्न व्यक्तीचा नाही, व्यवस्थेचा आहे. राज्यसभा हे राज्यांचे सभागृह. उमेदवार त्याच राज्याचा मतदार असावा, ही अट २००३ साली वाजपेयी सरकारच्या काळात कायद्यातून वगळण्यात आली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. त्यामुळे दोष एकाच पक्षाच्या माथी मारता येणार नाही. सोय सर्वांनीच करून घेतली.

लोणारसारख्या गावाला याची झळ बसते. २०२० साली सरोवराचे पाणी गुलाबी झाले, त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला. परंतु अभयारण्य वनखात्याकडे, प्राचीन मंदिरे पुरातत्त्व खात्याकडे, शिवाय राज्य वेगळे आणि केंद्र वेगळे. अशा विषयाचा पाठपुरावा संसदेत करायचा तर ती माती ओळखणारा माणूस हवा.

अर्थात, माती ओळखणे म्हणजे काम होणे नव्हे. लोकसभेच्या सदस्याला पाच वर्षांनी लोणारच्या बाजारात यावेच लागते. तेथे हिशेब मागणे हे मतदारांचे कर्तव्य आहे. राज्यसभेच्या सदस्याला असा बाजारच नाही. म्हणूनच रहिवासाची ती जुनी अट पुन्हा कायद्यात आली पाहिजे. राज्यांच्या सभागृहात निदान राज्याचा माणूस बसावा, एवढी अपेक्षा गैर कशी म्हणावी?