शिकवायला चालतो, शिकायला नाही

जबलपूर हे फौजेचे आणि फॅक्टऱ्यांचे गाव. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटांची केंद्रे इथे आहेत, सिग्नलचे प्रशिक्षण केंद्रही इथेच आहे. त्यामुळे चेरीतालसारख्या वस्तीत पस्तिशी-चाळिशीतच 'रिटायर' झालेला माणूस भेटला तर कुणाला नवल वाटत नाही. दहावी-बारावी होऊन भरती झाला, पंधरा-सतरा वर्षे नोकरी केली आणि पेन्शन घेऊन घरी आला. त्याच्या कागदांच्या फायलीत एक प्रमाणपत्र असते. फौजी लोक त्याला सरळ 'ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट' म्हणतात. केंद्र सरकारचा १९८६ चा आदेश असा आहे की मॅट्रिक झालेल्या आणि १५ वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला, जिथे पदवी मागितली आहे अशा गट 'क'च्या जागांसाठी पात्र धरता येईल. या कागदावर तो कारकुनीच्या जागेचा अर्ज भरतो, परीक्षा देतो, नोकरीलाही लागतो. शेजारी बसलेला सहकारी बी.ए. असतो, आणि सरकारच्या लेखी दोघे एकाच पायरीवर.

आता याच माणसाला एम.ए. करायचे मनात आले असे धरू. इतिहासात करायचे आहे, कारण पंधरा वर्षे सीमेवर काढल्यावर सीमा कशा आखल्या गेल्या हे त्याला जाणून घ्यायचे आहे. तो तेच प्रमाणपत्र घेऊन विद्यापीठाच्या खिडकीशी गेला, तर उत्तर ठरलेले आहे: आधी बी.ए. करून या. फायली हलवण्यापुरता तो पदवीधर आहे, पुस्तके वाचायला बसला की पुन्हा मॅट्रिक.

यात विद्यापीठाच्या कारकुनाचा दोष नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. एम.ए.ला प्रवेश हवा तर पहिली पदवी हवी, तीही बारावीनंतर किमान तीन वर्षांची. नियम १९८५ पासून कागदावर आहे, पण त्याला दात आले ते २००९ साली. दक्षिणेतल्या काही विद्यापीठांनी मुक्त शिक्षणाच्या नावाखाली एक सोय करून ठेवली होती. वयाची अट पुरी करा, फी भरा आणि थेट एम.ए.ला बसा. बी.ए. नको, बारावी नको, काही ठिकाणी तर शाळेचीही चौकशी नको. तमिळनाडूतील अण्णामलै विद्यापीठाची अशी एक पदवी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. निमित्त होते सरकारी चित्रपट प्रशिक्षण संस्थेतल्या प्राचार्यपदाच्या नेमणुकीचे. फेब्रुवारी २००९ मध्ये न्यायालयाने सांगितले की आयोगाचे नियम मुक्त विद्यापीठांनाही बांधून ठेवतात आणि पाया नसलेली अशी एम.ए. ग्राह्य नाही. मागाहून मिळवलेल्या मंजुरीनेही ती ग्राह्य ठरत नाही. तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी अशा पदव्या नोकरीसाठी चालणार नाहीत असा आदेश काढला. वकिलांच्या परिषदेने तर त्याआधीच, २००८ च्या नियमांत, असल्या आडवाटेच्या पदवीवर कायद्याच्या वर्गात बसता येणार नाही असे लिहून टाकले होते.

निकाल बरोबर होता. हे स्पष्ट म्हटले पाहिजे, कारण अशा विषयावर लिहिताना 'गरिबाच्या शिक्षणाची वाट अडवली' असा गळा काढणे फार सोपे असते. त्या योजनेत शिक्षण फारसे नव्हतेच. या माणसाला एम.ए.चा अभ्यास झेपेल का, हे तपासण्याची तसदीच कुणी घेतली नव्हती. वय मोजले, पैसे मोजले, संपले. ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला त्यांचीही पदवी त्याच दुकानाच्या शिक्क्यामुळे मातीमोल झाली, आणि दुकानदार मात्र सुखरूप राहिले. पण न्यायालयाने बंद केले ते दुकान. त्यानंतर आयोगाने आणि विद्यापीठांनी तेवढ्यावरून असा अर्थ लावून घेतला की पदवीशिवाय ज्ञान असूच शकत नाही. निकालातून तसा अर्थ निघत नाही, आणि आपला स्वतःचा व्यवहारही तसा नाही.

याच जबलपूरचा दाखला घ्या. इथल्या गन कॅरेज फॅक्टरीची स्थापना १९०४ ची. पुढे खमरियाची आयुध निर्माणी आली, मग व्हेइकल फॅक्टरी आली. या फॅक्टऱ्यांत डिप्लोमा करून चार्जमन म्हणून लागलेल्या कितीतरी माणसांच्या तोंडी एक शब्द असे: एएमआयई. ही 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीयर्स' या १९२० साली स्थापन झालेल्या संस्थेची परीक्षा. तिचे स्वतःचे कॉलेज नाही, वर्ग नाहीत. ती फक्त परीक्षा घेते, सेक्शन ए आणि सेक्शन बी. दिवसभर वर्कशॉपमध्ये काम करायचे आणि रात्री घरी पुस्तके घेऊन बसायचे. पेपर कठीण, पास होणारे थोडे, आणि कित्येकांची सेक्शन बी पुरी होईपर्यंत पोरे शाळेत जाऊ लागलेली. पण ती परीक्षा पुरी केलेल्या माणसाला सरकार बी.ई.च्या बरोबरीचा मानत असे. तो 'गेट' देऊ शके, एम.टेक.ला जाऊ शके. त्याच्याकडे कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसे. बॉयलर फुटला नाही, पूल पडला नाही. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांची ही मान्यता आजही कायम आहे, त्यानंतरच्यांची नाही. म्हणजे अनेक दशके चाललेली, पारखून घेतलेली वाट आपण आपल्याच हाताने बंद केली. अण्णामलैच्या दुकानाला टाळे लागले ते रास्तच. एएमआयईने काय वाकडे केले होते, याचे पटेल असे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

इंजिनीयरांचे राहू द्या, हिशेबवाल्यांचे पाहा. बारावीनंतर बी.कॉम. न करता सी.ए. होता येते. आणि आयोगाने २०२१ साली जाहीर केले की सी.ए., सी.एस. आणि कॉस्ट अकाउंटंट या पात्रता पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीच्या. असा सी.ए. प्राध्यापकीसाठीच्या 'नेट'ला बसू शकतो. म्हणजे खालची पायरीही नाही, वरचीही नाही, आणि माणूस थेट गच्चीवर. त्यावर कुणी कोर्टात गेल्याचे ऐकिवात नाही, कुणाला शिक्षणाचा दर्जा बुडाल्यासारखे वाटले नाही. सी.ए.ची परीक्षा काय असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच.

मुंबईच्या मालविका जोशीची हकिकत वर्तमानपत्रांत गाजली त्याला आता बरीच वर्षे झाली. सातवीनंतर तिने शाळा सोडली, घरी शिकली आणि प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवले. २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीने तिला घेतले तेव्हा आपल्याकडे एकच मथळा झाला, 'दहावी नाही तरी एमआयटीत'. त्या बातमीतली खरी बातमी मधल्या परिच्छेदात दडलेली होती. आयआयटीचे दार बारावीच्या अटीमुळे तिला बंद होते, पण चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिला एम.एस्सी.च्या पातळीवरच्या अभ्यासाला बसवले, कारण तिची तयारी बी.एस्सी.च्या तोडीची आहे हे तिथल्या प्राध्यापकांना दिसत होते. दहावी नाही, बारावी नाही, बी.एस्सी. नाही, आणि थेट एम.एस्सी.चा वर्ग. हे अमेरिकेत घडले नव्हते, चेन्नईजवळ घडले होते. आपण कौतुक केले ते एमआयटीचे.

अशा वेळी गणिती रामानुजनचे नाव हमखास निघते. मद्रास विद्यापीठाने १९१३ साली त्या नापास विद्यार्थ्याला दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली, तिथे नियम बाजूला सारले, वगैरे. सगळे खरे आहे, पण इथे मला ते नाव नको. अलौकिक बुद्धीची माणसे भिंतीवरून उडी मारतातच आणि पलीकडे केंब्रिजचा कुणीतरी हार्डी त्यांना झेलतो. प्रश्न आहे तो बऱ्यापैकी हुशार, चिकाटीच्या, चाळिशीतल्या माणसाचा. त्याला कुणी झेलणार नाही. त्याला सरळ दारातून आत जाता आले पाहिजे.

आणि दाराशी उभ्या असलेल्या आयोगाचेच दोन कागद पाहिले की हसावे की रडावे कळत नाही. पहिला सप्टेंबर २०२२ चा, 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'चा. उद्योग, कला, सैन्यदल, प्रशासन, कुठल्याही क्षेत्रात १५ वर्षे उत्तम काम केलेल्या माणसाला विद्यापीठात प्राध्यापक म्हणून बोलावता येईल, त्याला औपचारिक शैक्षणिक पात्रता अनिवार्य नाही. मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. कल्पना चांगलीच आहे. पण तिचा अर्थ असा होतो की तोच पंधरा वर्षांचा अनुभवी माणूस एम.ए.च्या वर्गात फळ्यापाशी उभा राहिला तर चालेल, बाकावर बसला तर चालणार नाही. त्याच वर्गात तो शिकवू शकतो. शिकू मात्र शकत नाही.

दुसरा कागद जून २०२४ चा, पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या आराखड्याचा. त्यात म्हटले आहे की पदवीला विषय कोणताही असो, विद्यार्थी प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाला तर वेगळ्या विषयात पदव्युत्तर प्रवेशाला पात्र. म्हणजे हिंदी साहित्यात बी.ए. झालेला माणूस प्रवेश परीक्षा देऊन अर्थशास्त्राच्या एम.ए.ला बसू शकतो. पदवीत त्याने अर्थशास्त्राचे एकही पान उलटलेले नसले तरी हरकत नाही, परीक्षेने त्याची तयारी सिद्ध झाली. मग तीच परीक्षा, त्याच खोलीत, तितकेच गुण मिळवून आमचा फौजी उत्तीर्ण झाला, तर त्याची तयारी सिद्ध का होत नाही? परीक्षेवर विश्वास आहे की नाही, याचे एकच उत्तर द्यावे. दोन देऊ नयेत.

एमआयटीत अर्थशास्त्र आणि धोरण या विषयांचा एक मास्टर्स अभ्यासक्रम आहे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे नोबेलविजेते त्याच्याशी निगडित आहेत. तिथे पहिली पदवी असलीच पाहिजे अशी अट नाही. आधी ऑनलाइन विषय घ्यायचे, त्यांच्या देखरेखीखालच्या परीक्षा द्यायच्या, आणि त्यातल्या गुणांवर प्रवेशाचा अर्ज करायचा. जो पाच-सहा कठीण पेपर आधीच पास झाला, त्याला 'तुझी बी.ए.ची गुणपत्रिका कुठे?' असे विचारण्यात त्यांना अर्थ वाटत नाही. यात दर्जा सैल झाला असे म्हणता येत नाही. उलट आमच्याकडे काठावर पास झालेल्या बी.ए.ला एम.ए.त सरसकट घेतात तिथेच दर्जाची काळजी जास्त करायला हवी.

बारावी न झालेल्यांसाठी हे आपण फार पूर्वी करून दाखवले आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा 'पूर्वतयारी' अभ्यासक्रम मराठी घरांत ओळखीचा आहे. किती गृहिणी, किती कंडक्टर, किती शिपाई त्या वाटेने बी.ए. झाले. इग्नूनेही तसाच सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालवला. तत्त्व एकच: कागद नसेल तर तयारी करून घ्या, ती तपासा, मग आत घ्या. हेच तत्त्व एक पायरी वर नेले की एम.ए.ची पूर्वतयारी होते. वर्षभराचा अभ्यासक्रम, विषयाचा पाया पक्का करणारे चार-सहा पेपर, परीक्षा बाहेरच्या विद्यापीठाने घ्यायची, आणि वयाची किंवा अनुभवाची किमान अट ठेवायची. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात अनुभवाला क्रेडिट देण्याची भाषा आहेच. भोपाळचे भोज मुक्त विद्यापीठ १९९१ पासून उभे आहे. त्याने मनावर घेतले आणि आयोगाने नियमात एक पोटकलम घातले तर काम होण्यासारखे आहे. विरोध कुठून येईल हेही उघड आहे. हजेरीशिवाय, शिकवण्याशिवाय तीन वर्षांच्या फीवर ज्यांची बी.ए.ची कॉलेजे चालतात, त्यांना दर्जाची आठवण सगळ्यात आधी होईल.

दरम्यान सरकारने एक पाऊल टाकले आहे. २०२२ मध्ये अग्निवीरांची योजना आली तेव्हा त्यांच्यासाठी इग्नूमार्फत तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी जाहीर झाली. तिचे निम्मे क्रेडिट सैन्यातल्या प्रशिक्षणातूनच मिळणार. परेड, शस्त्र, सिग्नल, यंत्रे यांत शिकलेले विद्यापीठाच्या हिशेबात धरता येते, हे यात सरकारने लेखी मान्य केले. जबलपूरच्या केंद्रांत आज अग्निवीर शिकत आहेत. त्यांना शिकवणारा हवालदार पंधरा वर्षांहून अधिक नोकरी झालेला आहे, आणि ही योजना त्याच्यासाठी आखलेली नाही. तो निवृत्त होईल, गट 'क'पुरते पदवीधर ठरवणारे प्रमाणपत्र घेऊन घरी येईल, आणि एम.ए.चे नाव काढले की त्याने बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा फॉर्म भरायचा.